ताडोबात वाघ दिसतो त्याच्या आधी काय काय झालेलं असतं

ताडोबाला जायचं ठरलं की घरात, ऑफिसात, मित्रांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी एकच प्रश्न येतो, वाघ दिसेल का? आणि उत्तर बहुतेक वेळा "नशीब लागतं" एवढंच मिळतं. नशीब लागतं हे खरंय, पण ते अगदी शेवटच्या पाच मिनिटांचं काम आहे. त्याआधी पाणी, ऊन, चितळांचे कळप, वाघिणीची पिल्लं, तुम्ही बुक केलेलं गेट आणि तुमच्या जिप्सीत पुढे बसलेला गाईड, या सगळ्यांचा हिशोब झालेला असतो. तो थोडा जरी समजला ना, तरी सफारी पूर्ण वेगळी होते, वाघ दिसला तरी आणि नाही दिसला तरी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी वाघ किती आणि कुठे ते बघू. २०२२ च्या गणनेत देशात साधारण ३६८२ वाघ असल्याचा अंदाज आला, त्यातले ४४४ महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्रातले बहुतेक विदर्भात, त्यातही चंद्रपूर जिल्ह्यात भरपूर. मग ताडोबात गेलं की दिसायलाच पाहिजे असं वाटतं. पण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणजे एक सलग बाग नाहीये. मधे साधारण ६२५ चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, आणि त्याच्या भोवती जवळपास ११०० चौरस किलोमीटरचा बफर, ज्यात गावं आहेत, शेती आहे, गुरं चरतात, लोक राहतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ ला. आता या कोअरमध्ये तुम्ही आम्ही कुठेही फिरू शकत नाही. २०१२ साली हा विषय सुप्रीम कोर्टात गेला होता, तेव्हा देशभरातल्या कोअरमधलं पर्यटन काही महिने बंदच होतं, मग ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे नियम आले आणि त्यात ठरलं की कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करायचं. त्या भागातही तुमची जिप्सी रस्ता सोडून आत घुसू शकत नाही. म्हणजे वाघ भरपूर असले तरी त्यातले कित्येक अशा जागी राहतात जिथे पर्यटक कधी पोचतच नाही, आणि माझ्या मते ते तसंच असायला हवं. तुमच्या वाट्याला येतात ते फक्त ज्यांचा इलाका पर्यटनाच्या रस्त्यांना लागून आहे ते वाघ.

इथूनच गेटचं महत्त्व कळतं. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी ही कोअरची गेटं, आणि आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर, बेलारा, निमढेला अशी बफरची बरीच. लोक पटकन मोहर्लीच मागतात कारण ते चंद्रपूरपासून जवळ आहे, नाव ऐकलेलं असतं आणि तिथे राहायच्या सोयी जास्त. त्यात चुकीचं काही नाही. पण कोअर म्हणजे वाघ आणि बफर म्हणजे उरलेलं जंगल हा समज आता डोक्यातून काढायला हवा. बफरमध्येही वाघिणी पिल्लं वाढवतायत, आणि एखाद्या सीझनला बफरच्या एखाद्या गेटला कोअरपेक्षा चांगलं साईटिंग असतं. शिवाय बफरचं बुकिंग मिळायला तुलनेने सोपं जातं.

आता मुख्य गोष्ट, वाघ दिवसभर करतो काय. बराचसा वेळ झोपतो. मोठं सावज मारलं की दोन-चार दिवस त्याच्याच आसपास राहतो, खातो, पाणी पितो, सावलीत पडतो, परत येऊन खातो. आठवड्याला साधारण एक मोठं जनावर त्याला पुरतं. आणि शिकार जमते तीही सहज नाही, बहुतेक प्रयत्न फसतातच, चितळ ऐनवेळी उधळतं आणि वाघ दहा-वीस ढांगांत थांबतो, कारण लांब पळत पाठलाग करणं त्याच्या अंगात नाही. मग सफारीच्या वेळा पहाटेच्या आणि दुपारनंतरच्या का ठेवतात तेही समजतं. ऊन चढलं की सगळं जंगल सावलीला बसतं, वाघ चालतो तो थंड वेळेत. रात्री तो भरपूर चालून घेतो, आपला इलाका फिरून झाडांवर मूत्राचा फवारा मारतो, खोडावर नखं ओढतो, आणि सकाळी गेट उघडतं तेव्हा त्याची फेरी संपत आलेली असते.

या फेरीसाठी त्याला रस्ते आवडतात. आपण केलेले मातीचे रस्ते, फायरलाईन म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्या, कोरडे नाले. कारण पाचोळ्यातून चाललं तर आवाज होतो, मऊ धुळीतून चाललं तर होत नाही आणि पायही भाजत-टोचत नाहीत. म्हणून सकाळच्या पहिल्या जिप्सीतला गाईड समोर कमी आणि खाली रस्त्याकडे जास्त बघत असतो हे तुमच्या लक्षात येईल. त्याला ठसा दिसला की तो आधी एक गोष्ट बघतो, ठसा टायरच्या खुणेवर उमटलाय की टायर ठशावरून गेलाय. काल संध्याकाळी शेवटची गाडी गेली त्या खुणेवर जर पंजा स्वच्छ उमटलेला असेल तर वाघ रात्री किंवा पहाटे इथून गेला. पंजाच्या कडा धारदार असतील, त्यात पाचोळा-काडी पडलेली नसेल, दवाचे थेंब आत पडल्याच्या खुणा नसतील तर अगदी ताजा. मग नर की मादी, नराचा पंजा जास्त चौकोनी आणि मोठा, मादीचा जरा लांबट. आणि सोबत छोटे ठसे असतील तर गाईडचा आवाजच बदलतो, कारण पिल्लं असलेली वाघीण फार लांब जात नाही. हे सगळं तो आठ-दहा सेकंदात वाचतो आणि ड्रायव्हरला फक्त हाताने खूण करतो, आणि मागे बसलेल्यांना वाटतं की गाडी उगाच थांबली.

सीझनचं म्हणाल तर वाघ बघायला एप्रिल-मे सगळ्यात चांगला, आणि शरीराला सगळ्यात वाईट. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर, जिप्सी उघडी, लोखंडी दांड्याला हात लागला तर चटका बसतो. पण त्या दिवसात साग, ऐन यांची पानं झडलेली असतात त्यामुळे लांबवर नजर जाते, छोटे नाले आटतात आणि पाणी राहतं ते थोड्याच ठिकाणी, ताडोबा तलाव, तेलिया, पांढरपौनी आणि जागोजागचे पाणवठे ज्यात सोलर पंपाने पाणी सोडतात. सगळ्यांना तिथेच यावं लागतं. वाघाला तर पाणी फक्त प्यायला लागत नाही, बसायला लागतं. तो पाण्यात उतरताना बघण्यासारखा असतो, बरेचदा पाठमोरा उतरतो, मागचे पाय आधी टाकतो आणि हळूहळू कंबरेपर्यंत पाण्यात बसतो, तोंड मात्र जंगलाकडे. तासभर तसाच बसून राहील. हिवाळ्यात जंगल सुंदर, हवा सुंदर, पक्षी भरपूर, पण पाणी सगळीकडे असल्यामुळे वाघ कुठेही असू शकतो आणि गवत उंच असल्यामुळे दहा फुटांवर असला तरी कळत नाही. लहान मुलं, वयस्कर आईवडील सोबत असतील तर मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच सांगेन, साईटिंग थोडं कमी झालं तरी चालेल पण मे महिन्याच्या दुपारी त्यांना उघड्या गाडीत बसवू नका.

आता कॉल. माझ्या मते सगळ्या सफारीतली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे आणि ह्याबद्दलच लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. वाघाला शोधायचं काम खरं तर गाईड करत नाही, जंगलातले प्राणी करतात, गाईड त्यांचं ऐकतो. चितळाला, सांबराला, वानराला वाघ दिसला किंवा त्याचा वास आला की ते ओरडतात, एकमेकांना सावध करतात, आणि वाघालाही कळतं की आपण दिसलो, आता इथे डाव लागणार नाही. यालाच सगळे 'कॉल' म्हणतात. पण प्रत्येकाच्या कॉलची किंमत वेगळी. चितळ चटकन घाबरतं, बारीक तीक्ष्ण आवाजात ओरडतं, ते बिबट्याला ओरडेल, रानकुत्र्यांना ओरडेल, कधी कोल्हा आडवा गेला तरी एक-दोनदा ओरडून गप्प बसेल. म्हणून एकट्या चितळाच्या कॉलवर अनुभवी गाईड गाडी पळवत नाही, तो कॉल टिकतोय का ते बघतो. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं, त्याला वरून स्पष्ट दिसतं, त्याचं खॅक-खॅक खॅकर सुरू झालं आणि ते एकाच दिशेला खाली बघत फांदीवर थयथयाट करत असेल तर तिथे काहीतरी आहे हे नक्की, फक्त वाघ की बिबट्या ते सांगता येत नाही. भेकर, म्हणजे ते छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं, आणि भुंकत राहतं. आणि सांबर. सांबराचा कॉल म्हणजे मोठा, घुमणारा "ढांक" असा एकच ठोका, मग शांतता, मग परत एक. सांबर उगाच ओरडत नाही. सांबर ओरडायला लागलं की गाईड लोक मान वर करतात.

एका दुपारी आम्ही जामणीच्या मैदानाच्या कडेला थांबलो होतो. मैदानात चितळांचा मोठा कळप आरामात चरत होता, मोर फिरत होते, काहीच होत नव्हतं. मग बांबूच्या बेटाकडून एक ढांक आला. आमचा गाईड तिथल्याच गावचा, त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "गाडी बंद कर भाऊ, सांबर बोलून रायलं." इंजिन बंद झालं तसं ऐकू येणारं सगळंच बदललं. चितळांनी चरणं थांबवलं होतं, एकूण एक मान बांबूकडे वळलेली, कान पुढे, शेपट्या उभ्या, आणि पुढची एक मादी पुढचा पाय जमिनीवर आपटत होती, थांबून थांबून, एकाच लयीत. परत ढांक, आता आधीपेक्षा डावीकडे. गाईड म्हणाला सांबर एकाच जागी आहे पण तोंड फिरवून रायलं, म्हणजे वाघ चालतोय, नाल्याने खाली पाण्याकडे जाईल. आम्ही मैदानाकडे न जाता मागे वळून नाल्याच्या रपट्यापाशी जाऊन थांबलो. बराच वेळ काहीच नाही, सोबतचे लोक कंटाळले, एकाने "दुसरीकडे बघूया का" असंही विचारलं. मग गवताच्या कडेला फक्त डोकं आलं, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि वाघीण रस्ता ओलांडून निघून गेली, पूर्ण शांत, घाई नाही. कानांच्या मागचे पांढरे ठिपके दिसले तेवढेच शेवटी, मग गवतात नाहीशी.

ते जामणीचं मैदानही मुळात मैदान नव्हतं, तिथे जामणी नावाचं गाव होतं. तसंच नवेगाव. या गावांचं कोअरच्या बाहेर पुनर्वसन झालं आणि जिथे लोक शेती करायचे तिथे आता गवत आहे, गवतावर चितळ, चितळामागे वाघ. हे चांगलं झालं म्हणताना त्या लोकांनी घर, शेत, देवळं सोडली हेही लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ताडोबा हे नावसुद्धा इथल्या गोंड लोकांच्या तारू नावाच्या देवावरून पडलंय. तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मारला गेला अशी कथा आहे, आणि तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आजही आहे. पौष महिन्यात आदिवासी लोक तिथे येतात. सफारीत गाडी तलावापाशी आली की सगळे मगरी शोधतात, त्या ठाण्याकडेही जरूर बघा.

बरं, वाघ दिसला. पुढे काय करायचं? काहीच नाही, शांत बसायचं. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, ड्रायव्हरला "अजून पुढे घे" म्हणायचं नाही. हे मी नियम म्हणून नाही सांगत, त्याच्यामागे कारण आहे. या वाघांना लहानपणापासून जिप्सीची सवय असते, उघड्यावर चालताना ते गाडीकडे दुर्लक्ष करू शकतात, पण त्यासाठी पुढे-मागे जायला वाट मोकळी लागते. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की त्याची वाट बंद होते, आणि पिल्लं सोबत असतील तर वाघीण एका बाजूला आणि पिल्लं दुसऱ्या बाजूला अशी ताटातूट होते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात नेमकं हेच झालं, एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडच्या जिप्सींमध्ये अडकली, व्हिडिओ सगळीकडे फिरला, गाईड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ते बरोबरच, पण गाडीत बसलेल्या माणसांनी "पैसे भरलेत, जवळून दाखव" असा दबाव टाकलेला असतो हे कुठे येत नाही. गाईड त्याच जंगलाच्या कडेला राहतो, त्याला रोज तिथे जायचंय. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत ना की "दादा, गाड्यांची गर्दी असेल तर आपण लांब थांबू", तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि असे गाईड मग तुम्हाला जे दाखवतात ते पैसे देऊन मिळत नाही.

अजून एक, "तो अमुक वाघ दाखवा" हा हट्ट. ताडोबातली माया वाघीण खूप लोकांना माहितीये, पांढरपौनीच्या भागात तिने कितीतरी वर्षं लोकांना दर्शन दिलं. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली, आणि पुढे जंगलात मिळालेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून ती गेल्याचं कळलं. वाघाच्या जगात जागा रिकामी राहत नाही. जुना नर म्हातारा झाला की नवा येतो, तो आधीच्याची पिल्लं मारतो कारण त्याला स्वतःचा वंश वाढवायचा असतो, वाघिणी हद्दी बदलतात, पिल्लं दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून वेगळी होऊन स्वतःची जागा शोधायला निघतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला 'वॉकर' म्हणून ओळखला गेलेला तरुण वाघ २०१९ मध्ये असाच निघाला, शेतं, रस्ते, तेलंगणाचा काही भाग ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला हे कळलं तरी. त्यामुळे मागच्या वर्षी मित्राला अमक्या पाणवठ्यावर दिसला म्हणून यंदा तुम्हाला तिथेच दिसेल असं काही नसतं. आत्ता कोण कुठे आहे हे गेटवरच्या गाईडलाच माहीत, कालच्या सफारीचा रिपोर्ट त्याच्याकडे असतो.

हे वाघ ओळखतात कसे, तर पट्ट्यांवरून. आपल्या बोटांच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीवरचेही एकसारखे नसतात, म्हणून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, समोरासमोर जोडीने लावतात. पूर्वी ठसे मोजून गणना व्हायची आणि त्यात आकडे फुगायचे. राजस्थानच्या सरिस्कात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नाही हे समोर आलं तेव्हा ती पद्धत मागे पडली आणि २००६ पासून कॅमेऱ्यांवर आधारलेली गणना सुरू झाली. तेव्हाचा देशाचा आकडा होता १४११. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून जी गणना होते ती यापेक्षा वेगळी, तिला आता वनविभाग निसर्गानुभव म्हणतो, तिच्यावरून वाघांची संख्या ठरत नाही. पण चांदण्यात रात्रभर पाणवठ्यावर बसायला मिळतं, संधी मिळाली तर सोडू नका.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, जरी सफारीच्या पॅकेजमध्ये ती नसते. वाघ वाढले ते फक्त जंगलात नाही वाढले. चंद्रपूर जिल्ह्यात मार्च-एप्रिलला मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला बाया-माणसं पहाटे जंगलात जातात, वाकून काम करतात, आणि दरवर्षी तिथे वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोअरमध्येच गणनेचं काम करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. ज्या गावातून तुमचा गाईड, तुमचा ड्रायव्हर, रिसॉर्टमध्ये भाकरी करणाऱ्या ताई येतात त्याच गावांची ही गोष्ट आहे. सफारीचा पैसा त्या गावात पोचला तर वाघाबरोबर राहणं त्यांना थोडं तरी परवडतं, म्हणून गावातल्या लोकांचा होमस्टे मिळत असेल तर तिथे राहा, जेवण गावात घ्या, आणि गाईडला कामाबद्दल विचारता तसं घरच्या शेताबद्दलही विचारा. रानडुकरांनी किती खाल्लं, रात्री जागलीला कोण जातं, हे ऐकल्यावर जंगलाचं चित्र पूर्ण होतं.

आता तयारीचं पटकन. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत वेबसाईटवरूनच करा, सुट्टीचे दिवस फार आधी भरतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र ओरिजिनल सोबत हवं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, कॅमेरा चालतो. कपडे मातकट, हिरवे, खाकी, भडक पांढरे-लाल नको, परफ्यूम नको. थंडीत पहाटेच्या सफारीला स्वेटर, कानटोपी आणि शक्य असेल तर रिसॉर्टची चादरसुद्धा घ्या, उघड्या गाडीत वारा हाडात जातो. दुर्बीण एक तरी असू द्या, वाघासाठी नाही तर बाकी सगळ्यासाठी, अस्वल, रानगवे, रानकुत्रे, मत्स्यगरुड, हे सगळं ताडोबात आहे. जमलं तर एकाच गेटच्या लागोपाठ दोन सफारी घ्या, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची, म्हणजे संध्याकाळी ऐकलेला कॉल आणि सकाळचा ठसा जोडता येतो. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, पावसाळ्यात जायचं असेल तर बफरची कुठली गेटं चालू आहेत ते विचारून घ्या. नागपूरहून गाडीने निघालात तर साधारण तीन तास धरा, रेल्वेने आलात तर चंद्रपूरला उतरा. आणि तारीख ठरवायच्या आधी कॅलेंडरवर वार बघा, मंगळवारी ताडोबा बंद असतं.